थंडी पिल्लांची, ऊन कोंबडीचं

डिसेंबर लागला की श्रीरामपूरच्या वॉर्डावॉर्डांतून पिल्लंवाला फिरायला लागतो. सायकलच्या कॅरिअरवर पुठ्ठ्याचं खोकं, खोक्याला बोटभर भोकं आणि आत गुलाबी, हिरवी, जांभळी, केशरी पिल्लं. त्याला आरोळी द्यावी लागत नाही. चिवचिवाट ऐकून पोरं गोळा होतात, पोरांच्या मागे आया येतात. “जगतील का रे बाबा?” या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं असतं: “न जगायला काय झालं ताई, कणी टाका, पाणी ठेवा.” चार पिल्लं घरात येतात. त्यांना नावं मिळतात. रात्री ओट्यावर एका खोक्यात, जुन्या टॉवेलात त्यांची सोय होते. पहाटे पाहावं तर चारही खोक्याच्या एका कोपऱ्यात एकावर एक चढलेली; वरची दोन कशीबशी धुगधुगी धरून, खालची दोन ताठ.

“थंडीनं गेली,” घरातलं मोठं माणूस सांगतं. ते खरं आहे, पण अर्धंच. ही बहुधा लेअर जातीच्या हॅचरीतून वेगळी काढलेली नर पिल्लं असतात. अंडी द्यायला ती माद्या नव्हेत आणि मांसासाठी पोसावीत तर त्यांचं अंग भरत नाही, म्हणून रंगात बुडवून खेळण्यासारखी विकली जातात. जगली असती तरी त्या घराला एक अंडं मिळालं नसतं. गावातल्या कितीतरी घरांची कोंबडीपालनाशी पहिली ओळख ही अशी, थंड पहाटे, एका खोक्यात होते. थंडी नेमकी कोणाला मारते आणि आपण घरात आणतो ती कोंबडी नेमकी कोणती, हे या विषयातले दोन्ही मुख्य प्रश्न त्या खोक्यातच असतात.

त्यानंतर एखादं घर हट्टाला पेटतं. आता रीतसर पाच-सहा कोंबड्या पाळायच्याच, पोरांना घरचं अंडं द्यायचंच, असं ठरतं. जातीची चौकशी सुरू होते आणि कुठून तरी इंग्रजी पुस्तकांतून आलेली एक यादी हाती लागते. मायाळू, नवख्याला सोप्या आणि थंडीला दाद न देणाऱ्या कोंबड्या: बफ ऑर्पिंग्टन, वायनडॉट, प्लिमथ रॉक, ब्रह्मा, ऑस्ट्रेलॉर्प. यादीत खोट काही नाही, तिच्यावरचा पत्ता तेवढा दुसऱ्या गावचा आहे.

ती यादी जिथे जन्मली तिथे हिवाळ्यात पाण्याचं भांडं रात्रीत दगड होतं आणि कोंबड्याचा उंच, करवतीच्या दात्यांसारखा तुरा टोकांकडून गोठून काळा पडतो. लोक तुऱ्याला व्हॅसलिन चोळतात. म्हणून तिथे जात निवडताना आधी तुरा बघतात: वायनडॉटचा तुरा डोक्याला चिकटलेला, ब्रह्माचा तर वाटाण्याएवढ्या गाठींचा. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ओका इथल्या मठातल्या ब्रदर विल्फ्रेड शातलेन या साधूनं तर याच एका कामात वर्षानुवर्षं घालवली. त्याला कॅनडाच्या हिवाळ्यात टिकणारी, तुरा आणि चोचीखालची लाल लोंबती कातडी नावापुरतीच असलेली कोंबडी हवी होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यानं संकर सुरू केले आणि १९१८ साली ‘चँटेक्लर’ ही जात लोकांसमोर आणली. कॅनडात तिचं कौतुक योग्यच आहे. पण तुरा हा कोंबडीचा रेडिएटर असतो. त्यातून रक्त फिरतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. ओकाच्या साधूनं मोठ्या मेहनतीनं जो अवयव आखूड केला, तोच श्रीरामपूरच्या मे महिन्यात कोंबडीच्या सगळ्यात कामाचा.

श्रीरामपुरात पाणी गोठत नाही. तरीही इथली थंडी थट्टेवारी नेण्यासारखी नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा भाग उसाचा केला. पौषात उसाच्या फडातून आणि पाटाच्या कडेनं पहाटे चालून गेलेल्या कोणालाही विचारावं, गावातल्यापेक्षा तिथे गारठा अंगाला जास्त झोंबतो. पारा ८-१० अंशांपर्यंत येतो, लाट आली तर त्याच्याही खाली. गोदावरीच्याच खोऱ्यात वरच्या अंगाला असलेल्या निफाडला तर तो अधूनमधून ५ अंशांच्या आत उतरतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात.

या थंडीत मोठी कोंबडी काय करते? पिसं फुगवते, एक पाय पोटाखाली घेते, मान खांद्यात ओढते आणि शेजारणीला चिकटून बसते. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि पिसांखालची लव हे तिचं अंगचंच पांघरूण. अंग कोरडं असलं आणि सरळ वारा लागत नसला तर ८ अंशांची रात्र कुठल्याही जातीची धडधाकट कोंबडी सहज काढते. मे महिन्यात मात्र तिची पंचाईत होते. तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरणं, एवढंच तिच्या हातात. हवा ४१-४२ अंशांवर गेली की बाहेरची आणि आतली उष्णता सारखी होते, पंख पसरूनही काही निघत नाही आणि सगळी भिस्त धापेवर उरते. अशा दुपारी लठ्ठ, दाट पिसांची कोंबडी आधी जाते. थंडीसाठी म्हणून मागवलेली बफ ऑर्पिंग्टन संक्रांत मजेत काढते आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास मान टाकते.

इथल्या हिशेबात म्हणून थंडी पिल्लांच्या खात्यावर मांडायची आणि ऊन कोंबडीच्या. पुढची सगळी निवड यातून निघते.

पिल्लांची थंडी आधी निस्तरू. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते, आणि पहिले काही दिवस त्याला स्वतःची ऊब स्वतः धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती अडीच-तीन अंशांनी उतरवायची. तीन-चार आठवड्यांत पिसं फुटली की बहुतेक काम झालं. व्यवसायवाले त्याला ब्रूडिंग म्हणतात. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं, खाली तूस, वर बल्ब, दर पिल्लामागे साधारण २ वॅट. कडं गोलच हवं. चौकोनी खोक्याला कोपरे असतात आणि गारठलेली पिल्लं कोपऱ्यातच एकमेकांवर चढून गुदमरतात. रंगीत पिल्लांचं नेमकं तेच झालं होतं. थर्मामीटर नसला तरी पिल्लं स्वतः तापमान सांगतात. बल्बखाली घोळका करून ओरडत असली तर थंडी आहे, बल्बपासून लांब कडेला चोची वासून पडली असली तर उकडतंय. सगळीकडे विखुरलेली, काही खाणारी, काही पाय ताणून झोपलेली दिसली की माणसानंही झोपायला जावं.

फक्त रात्री वीज गेली तर? हा प्रश्न परदेशी पुस्तकात नसतो. पहाटे तीनला लाइट गेली आणि पाचला आली, तर दोन तासांत डझनातली अर्धी पिल्लं गेलेली असतात. म्हणून अनुभवी बाया कडाक्याच्या रात्री गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवतात. काही घरांत मडक्यात निखारे ठेवण्याची जुनी रीत आहे, पण बंद खोलीत त्यांचा धूर पिल्लांना थंडीइतकाच घातक. त्याहून सोपा उपाय म्हणजे नवख्यानं डिसेंबर-जानेवारीत एक दिवसाची पिल्लं घेऊच नयेत. एक तर फेब्रुवारीची अखेर गाठावी, नाहीतर तलंगा घ्याव्यात. ८-१० आठवड्यांची, पिसं फुटलेली, अजून अंड्यावर न आलेली मादी म्हणजे तलंग. ती पैशानं महाग पडते, पण बल्बही लागत नाही आणि नर निघण्याचा धोकाही नाही. एक दिवसाच्या सरसकट पिल्लांत अर्धे नर निघतात. सहा कोंबड्या हव्या असतील तर डझनभर पिल्लं पोसावी लागतात आणि उरलेल्या सहा नरांचं काय, हा प्रश्न आखाडापर्यंत लांबतो. ज्याला पोरांनी नाव ठेवलंय त्याचा रस्सा होत नाही, हे आईवडिलांना तेव्हा कळतं. पशुसंवर्धन विभागाच्या जुन्या योजनेतही हाच हिशेब दिसतो: निम्म्या अनुदानावर एक तर १०० एकदिवसीय पिल्लांचा गट, किंवा २५ तलंगा आणि ३ नर. कुटुंबाच्या गरजेला दुसरा गट जवळचा, चार घरांत वाटून घेतला तर फारच.

आता जाती. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला संकर समजावून सांगावा लागत नाही. शेजारच्या राहुरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तिन्ही रक्तांची ‘फुले त्रिवेणी’ गाय तिथूनच आली. दूध विदेशी रक्ताचं, काटकपणा देशी रक्ताचा, हे गणित गोठ्यात जसं, तसंच खुराड्यात. वनराजा आणि ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची देणगी, गिरिराजा बेंगळुरूच्या विद्यापीठाची. तिन्ही परसातल्या कोंबडीपालनासाठी मुद्दाम घडवलेल्या, रंगीबेरंगी पिसांच्या आणि तपकिरी अंड्यांच्या.

वनराजा अंगानं भरलेला आणि स्वभावानं संथ. हातातून दाणा खातो, उडून कौलावर जात नाही, पोरांनी उचलला तर फारशी झटापट करत नाही. मादी परसात हिंडून वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी देते. ग्रामप्रिया अंगानं हलकी, पायानं चपळ, अंड्यांना सरस, दीडशेच्या पुढे जाते. हलकेपणाचे इथे दोन फायदे आहेत: मेमधली दुपार तिला वनराजापेक्षा सोपी जाते आणि कुत्रं धावलं तर ती निसटते. गिरिराजा या दोघांच्या मधला. श्रीरामपूरच्या नवख्या घरानं आधी ग्रामप्रियाकडे बघावं, मुलं फार लहान असतील तर वनराजाकडे, असं या लेखकाचं मत. चार ग्रामप्रिया आणि दोन वनराजा असाही संसार चालतो, फक्त सगळ्या एकाच वयाच्या हव्यात.

परदेशी जातींपैकी दोन इथे खरोखर रुळल्या आहेत. ऱ्होड आयलंड रेड ही त्यातली थोरली. सरकारी उबवणी केंद्रांत तिला सगळे ‘आरआयआर’ म्हणतात. विटकरी रंग, तपकिरी अंडं, नीट खाणं मिळालं तर वर्षाला दोनशेच्या पुढे. मादी धीट आणि चौकस, माणसाच्या मागे मागे फिरणारी. नर मात्र कधी कधी लहान मुलांच्या पिंढरीवर झेप घेतो, तेव्हा पारख करूनच तो ठेवावा. दुसरी काळी ऑस्ट्रेलॉर्प. इंग्लंडच्या काळ्या ऑर्पिंग्टनपासून ऑस्ट्रेलियात अंड्यांसाठी घडवलेली, ३६५ दिवसांत ३६४ अंडी देण्याचा गाजलेला विक्रम याच जातीच्या कोंबडीचा. वृत्तीनं तिच्याइतकी शांत कोंबडी विरळा. काळ्या पिसांना ऊन मात्र जास्त लागतं. कडुलिंबाची किंवा आंब्याची दाट सावली असलेल्या वस्तीवरच तिचा विचार करावा. राज्य सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि नागपूर इथे आहेत. श्रीरामपूरकराला संभाजीनगर जवळचं.

आणि मग ब्रह्मा. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलेलं, पण जात घडली अमेरिकेत, शांघायच्या बंदरातून गेलेल्या थोराड कोंबड्यांपासून. १८५२ साली जॉर्ज बर्नहॅम नावाच्या अमेरिकी व्यापाऱ्यानं त्यातल्या काही व्हिक्टोरिया राणीला भेट पाठवल्या आणि इंग्लंडात आधीच पसरलेल्या कोंबड्यांच्या वेडात भर पडली. हल्ली महाराष्ट्रातही ‘फॅन्सी’ म्हणून ब्रह्मा, सिल्की, पॉलिश कॅप यांच्या जोड्या विकल्या जातात. ब्रह्मा खरंच गरीब गाय आहे. एवढा मोठा पक्षी एवढा सोशिक असतो हे बघून नवल वाटतं. पण त्याच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात. श्रीरामपूरची काळी माती जुलैत कशी चिकटते हे ज्यानं चपला हातात घेऊन रान तुडवलंय त्याला सांगायला नको. दोन पावसांत त्या पायपिसांवर चिखलाचे लाडू बनतात, वाळून दगड होतात आणि घरच्या बाईला संध्याकाळी कोमट पाण्याच्या घमेल्यात कोंबडीचे पाय भिजवत बसावं लागतं. सिल्कीची पिसं तर पाणी झटकतच नाहीत. हौस म्हणून दोन ठेवाव्यात, पहिल्या कळपात नकोत.

कडकनाथाविषयी चार शब्द टाळता येत नाहीत, कारण नवख्याला पहिला सल्ला त्याचाच मिळतो. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा हा काळा पक्षी. त्याच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. काटक आहे, ऊन सोसतो, थंडी सोसतो. पण बुजरा आहे, अंडी थोडी देतो आणि खुडूक बसायला फारसा राजी नसतो. त्याचं अंडं काळं असतं ही निव्वळ थाप. ते फिकट तपकिरी असतं. २०१९ साली सांगली भागात कडकनाथाच्या नावावर शेकडो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, त्यात पक्ष्याचा दोष काहीच नव्हता. असीलाची गोष्ट निराळी. माणसाशी तो पुष्कळदा गोड वागतो, दुसऱ्या कोंबड्याचा मात्र जीव घेतो. झुंजीसाठी शतकानुशतकं निवडलेल्या रक्ताकडून दुसरी अपेक्षा करू नये.

स्वभावाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. जातीनं स्वभावाचा अंदाज मिळतो, खात्री मिळत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोज हातावर दाणे घेऊन पिल्लांपुढे बसलेल्या मुलीच्या मागे गावरान कोंबडीही शाळेच्या रस्त्यापर्यंत जाते, आणि कोणी हातच न लावलेला वनराजा माणूस दिसला की कुंपणाला धडकतो. वरून झडप घालणारा हात कोंबडीला घारीसारखा वाटतो. खालून, छातीखाली हात सरकवून उचललं तर ती गप्प बसते. कोंबड्यांची आपापसातली भांडणं हा वेगळाच अभ्यास आहे. नॉर्वेच्या थोर्लेफ शेल्डरूप-एब्बे यानं लहानपणापासून कोंबड्यांच्या मारामाऱ्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर प्रबंध छापला. कोण कोणाला टोचतं आणि कोणाकडून टोचून घेतं याची कळपात पक्की उतरंड असते, हे त्यानं दाखवलं. चार महिन्यांनी कोणी हौसेनं एकच नवी कोंबडी आणून सोडली तर ती थेट उतरंडीच्या तळाशी जाते आणि डोक्यावरची पिसं गमावते. भर घालायची तर दोन-तीन एकदम, आणि आठवडाभर जाळीपलीकडे ठेवून.

एवढ्या सगळ्या नावांत एक कोंबडी राहून गेली, कारण तिला नावच नाही. तिला पाहायला साखर कारखान्यांचे बॉयलर पेटल्यावर उसाच्या फडाकडे जावं लागतं. दिवाळीच्या आगेमागे बीड, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बैलगाडीवर संसार, त्यात पोरंबाळं, भांडी, एखादी शेळी, आणि डालग्यात दोन-चार गावरान कोंबड्या. रिकाम्या रानात कोप्या पडतात. पाचटाच्या त्या खोपटाबाहेर, गाडीच्या साट्याखाली, डालग्याखाली झाकलेली ती कोंबडी पौषाच्या सगळ्या रात्री काढते. तिला बल्ब नाही, तूस नाही, पिल्लांचं स्टार्टर खाद्य नाही. पहाटे चारला कोयता घेऊन निघालेली बाई डालगं उचलून दगडाला टेकवून जाते, कोंबडी दिवसभर वाढ्यांतले किडे आणि बैलांपुढची सांड वेचते आणि दिवे लागायच्या सुमाराला आपणहून परत येते. थंडीला टिकणारी, माणसाळलेली आणि नवख्याला जमणारी कोंबडी हवी असेल तर ती ही. पुस्तकांना ती दिसत नाही, कारण ती वर्षाला पन्नास-साठच अंडी देते आणि तिचा रंग ठरलेला नाही.

तिच्या पिवळ्या पायांची एक गंमत आहे. कोंबडीचा मूळ पुरुष लाल रानकोंबडा, असं डार्विननं मांडलं आणि ते मोठ्या अंशी खरं ठरलं. पण २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलं आहे, आणि तो राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीचा रहिवासी. गावरान कोंबडीच्या अंगात, आणि अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड रेडच्या अंगातही, त्याचा अंश आहे.

ती पन्नास-साठच अंडी का देते, हे समजलं की तिची खरी किंमत कळते. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते: अंग फुगवते, घुमते, घरट्यातून उठत नाही, हात घातला तर टोचते. मग २१ दिवस रवण, नंतर दीड-दोन महिने पिल्लांमागे. एवढा काळ अंडी बंद. ग्रामप्रियाची आणि आरआयआरची ही खोड निवड करून करून जवळजवळ घालवली आहे, म्हणून त्या जास्त अंडी देतात, आणि म्हणूनच त्यांना स्वतःची पिल्लं काढता येत नाहीत. सुधारित कळप दोन-अडीच वर्षांनी म्हातारा होतो आणि पुन्हा केंद्राची वाट धरावी लागते. त्या कळपात एक गावरान कोंबडी असली तर चित्र बदलतं. तिच्याखाली दहा-बारा अंडी मावतात. ती कोणाची आहेत याचं तिला सुतक नसतं. अंड्यांत कोळशाचा तुकडा किंवा लोखंडी खिळा ठेवायची पद्धत अजून कित्येक घरांत आहे. त्याचा उपयोग असो नसो, अपाय नाही. तिच्या पंखाखालचं ब्रूडिंग लाइट गेली तरी चालू राहतं. संकरित कोंबडीची पुढची पिढी आईइतकी अंडी देत नाही हे आधीच धरून चालावं. संकरित गाईच्या कालवडींवरून हे गोठेवाल्यांना माहीत आहे.

नवखं घर जिथे हमखास अडखळतं अशा काही जागा इथेच सांगून ठेवणं बरं. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. तो फक्त पिल्लांसाठी लागतो. वॉर्डात राहणाऱ्यांनी पहाटे चारची बांग शेजाऱ्यांना ऐकवू नये. हिवाळ्यात अंडी कमी झाली तर कोंबडी आजारी पडली असं समजू नये. तिला भरात यायला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो आणि डिसेंबरात इथला दिवस ११ तासांचा असतो. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी म्हणजे दुपारचं ऊन आत शिरत नाही, आणि पौषात उत्तरेच्या अंगाला गोणपाट सोडावं. तेच गोणपाट मेमध्ये ओलं करून टांगायचं. तळाला तूस नसेल तर बारीक केलेलं पाचट चालतं, उसाच्या तालुक्यात ते फुकट मिळतं. पिल्लं आणली त्या दिवशी पहिलं पाणी गुळाचं द्यायची पद्धत चांगली आहे आणि गुळालाही इथे तोटा नाही.

रोगांत मानमोडी पहिली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कुमाऊँतल्या राणीखेतला तिची नोंद झाली म्हणून पुस्तकात ती राणीखेत. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि आठवड्यात खुराडं रिकामं होतं. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब आणि पुढे दीड-दोन महिन्यांनी आर-टू-बी, एवढ्यावर ती थोपते. अडचण अशी की लसीची कुपी शंभर-शंभर डोसांची आणि घरात पिल्लं सहा. फोडलेली कुपी दुसऱ्या दिवसापर्यंत राहत नाही. म्हणून गल्लीतल्या किंवा वस्तीवरच्या आठ-दहा घरांनी एकाच आठवड्यात पिल्लं आणावीत आणि दवाखान्यातून एकच कुपी बर्फात घालून आणावी. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबारच्या नवापूरला निघाला तेव्हा तिथल्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. योगायोग असा की महाराष्ट्र आणि गुजरातची म्हणून नोंदलेली देशी जात, बुसरा, तीही त्याच नवापूर पट्ट्यातली. अचानक बरेच पक्षी मेले तर ते उकिरड्यावर न फेकता दवाखान्याला कळवावं, आणि मुलांनी खुराड्यातून आल्यावर साबणानं हात धुवावेत, हे त्यातून उरलेलं शहाणपण.

आणि बिबट्या. उसाच्या कडेच्या वस्तीवर राहणाऱ्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. पण कोंबड्यांचा रोजचा शत्रू तो नव्हे. मुंगूस आणि रानमांजर. षटकोनी छिद्रांची स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी आणि जमिनीत वीतभर पुरलेला तिचा काठ, यावर खर्च केलेला पैसा जातीवर खर्च केलेल्या पैशाहून जास्त टिकतो.

या देशात परसातली कोंबडी संपत चालली असं बोललं जायचं. २०१९ च्या पशुगणनेत ती ३१ कोटी ७० लाखांवर भरली, आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून जास्त. त्यातली किती वनराजा, किती गावरान आणि किती त्या दोघांच्या मिसळीतून निघालेली, हे खुराड्यात वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. पुढच्या प्रकरणांत एकेका जातीला स्वतंत्र पानं आहेत, तिथे खाद्याचे आणि जागेचे हिशेब येतील.

तोवर ज्यांना पहिला कळप बसवायचा आहे त्यांनी मार्चकडे लक्ष ठेवावं. कारखान्याचा पट्टा पडतो, कोप्या मोडतात, गाड्या भरल्या जातात. चार महिन्यांत फडाच्या कडेला डालग्यातल्या कोंबड्यांची संख्या वाढलेली असते आणि सगळ्यांना गाडीत जागा होत नाही. अशा वेळी बांधावर उभं राहून “मावशी, एखादी खुडूक बसणारी आहे का?” असं विचारणारी मालकीण दर वर्षी कुठल्या तरी वस्तीवर असते. मावशी डालग्यात हात घालते, दोन कोंबड्या बाजूला सारते, तिसरीला छातीखालून उचलते आणि तिच्या पोटावरची विरळ झालेली पिसं बोटानं फाकवून दाखवते: “ही घ्या. दोनदा बसलीय औंदा, दोन्ही येळा एकबी अंडं वाया नाही गेलं.”